संसद, सरकार, न्यायालय : सत्तेची वाटणी नेमकी कुठे आहे?

प्रश्न असा आहे : संसद कायदे करते, सरकार ते राबवतं आणि न्यायालय निवाडा करतं, असं आपण शाळेत शिकलो. मग मंत्री खासदारांतूनच कसे येतात? सरकार अध्यादेश कसा काढतं? न्यायालय मार्गदर्शक तत्त्वं कशी घालून देतं? भारतात सत्तेची वाटणी खरोखर आहे का?

माझी सगळी नोकरी विधेयकांचे आणि नियमांचे मसुदे लिहिण्यात गेली, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. वाटणी आहे. पण 'हे काम याचं, ते काम त्याचं' अशी ती नाही. एकच काम टप्प्याटप्प्यानं पुढे जातं आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळ्याची संमती लागते. प्रस्ताव कोण मांडणार, मंजुरी कोण देणार, राबवणार कोण आणि नंतर तपासणार कोण, हे चार प्रश्न कुठल्याही सरकारी कामाला लावले की वाटणी दिसायला लागते. न्यायालय आणि बाकीचे दोघे यांच्यामधली रेघ आपल्या राज्यघटनेनं ठळक ओढली आहे. संसद आणि सरकार यांच्यामधली मात्र मुद्दाम पुसट ठेवली आहे. बातम्यांत वाद गाजतात ते पहिल्या रेघेवरचे. मला काळजी वाटते ती दुसरीची.

ही पुसट रेघ विसरून राहिलेली नाही. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही शाखा पूर्णपणे वेगळ्या ठेवण्याची दुरुस्ती मांडली होती. ती नामंजूर झाली. त्याआधी महिनाभर, ४ नोव्हेंबरला मसुदा सादर करताना डॉ. आंबेडकरांनी त्यामागचा विचार सांगितला होता. अमेरिकी पद्धतीत सरकार स्थिर राहतं, कारण अध्यक्ष तिथल्या संसदेच्या, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, मर्जीवर टिकून नसतो. संसदीय पद्धतीत स्थैर्य कमी असतं, पण जबाबदारी जास्त असते. तिथे सरकारची झडती निवडणुकीत तर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव, स्थगन प्रस्ताव यांतून रोज होते. मसुदा समितीनं जबाबदारीला झुकतं माप दिलं. म्हणजे मंत्र्यांना सभागृहात बसवलं ते त्यांना रोज उत्तर द्यावं लागावं म्हणून. अनुच्छेद ७५ मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे, ते याच अर्थानं. जो संसदेचा सदस्य नाही तो सलग सहा महिन्यांच्या वर मंत्री राहू शकत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे.

आता एखादा कायदा जन्माला येतो कसा ते पाहू. कायद्याचा मसुदा संसदेत लिहिला जात नाही. संबंधित मंत्रालय प्रस्ताव तयार करतं, विधी मंत्रालयाचा विधिविधान विभाग त्याला विधेयकाचं रूप देतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि मग मंत्री ते सभागृहात मांडतात. खासगी सदस्यांनाही, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनाही, विधेयक मांडता येतं, पण स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यांतलं शेवटचं १९७० मधलं. थोडक्यात, लेखणी सरकारच्या हातात असते. संसदेच्या हातात असतं ते अडवणं, बदलायला लावणं आणि कारण विचारणं. ही ताकद लहान नाही. मसुदा करताना 'या कलमावर खासदारांच्या समितीत काय विचारतील' ही धास्ती आम्हाला असायची, आणि तिच्यामुळे कलमं सुधारायची. विधेयक समितीकडे जाणारच नाही हे आधीच ठाऊक असलं की ती धास्ती जाते आणि मसुद्यात ते दिसतं.

विभागांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात. तिथे कॅमेरे नसतात, पक्षाची घोषणाबाजी कमी असते, सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारले जातात. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडा कोणत्या पक्षाच्या काळातला आहे हा वाद मला घालायचा नाही. विधेयक समितीकडे पाठवणं आपल्याकडे बंधनकारक नाही, ही रचनेतली उणीव आहे.

त्याहून कमी दिसणारी जागा म्हणजे नियम. जवळपास प्रत्येक अधिनियमात 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' हे शब्द सापडतील. त्याचा अर्थ, हा तपशील सरकार पुढे नियमांत ठरवेल. शुल्क किती, अर्ज कुठे, मुदत काय, कुणाला सूट, हे सगळं तिथे जातं. नागरिकाला कायदा भेटतो तो बहुतेक वेळा या नियमांतून. हे गैर नाही. संसदेला प्रत्येक अर्जाचा नमुना ठरवणं शक्य नाही. पण धोरणाचा गाभा कायद्यातच असला पाहिजे, तो सरकारवर सोपवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये दिल्ली कायदे प्रकरणात सांगितलं. नियम संसदेपुढे ३० दिवस ठेवावे लागतात आणि त्या मुदतीत सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. तपासणीसाठी दोन्ही सभागृहांच्या समित्याही आहेत. तरी एखाद्या नियमावर सभागृहात खरोखर चर्चा होणं दुर्मीळ. विधेयक वाचताना मी आधी शेवटची पानं उघडतो, कारण नियम करण्याचे अधिकार देणारं कलम तिथे असतं. ते कलम जितकं लांब, तितकी संसदेनं आपली सत्ता सोडलेली.

पैशाकडे वळू, कारण वाटणी सर्वांत कसून केली आहे ती इथे. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही (अनुच्छेद २६५). गोळा झालेला पैसा भारताच्या संचित निधीत जातो आणि संसदेच्या कायद्याशिवाय त्यातून एक रुपया बाहेर निघत नाही. अर्थमंत्र्यांचं भाषण म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होणं नव्हे. त्यानंतर खात्याखात्याच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत मताला येतात, मग निधीतून तो पैसा काढू देणारं विनियोजन विधेयक येतं. ते मंजूर होईपर्यंत काम थांबू नये म्हणून लेखानुदान, म्हणजे थोड्या काळाच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, असतं. खर्च वाढला तर पुरवणी मागण्या घेऊन परत यावं लागतं. मागणी मांडण्याचा अधिकार फक्त सरकारला आहे. लोकसभा ती नाकारू शकते, कमी करू शकते, वाढवू मात्र शकत नाही. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची कपात सूचना देता येते. ती मंजूर झाली तर सरकारवर विश्वास उरला नाही असा अर्थ होतो.

सरकारला जे करायचं आहे त्या प्रत्येक गोष्टीसाठी आधी कायदा लागतो का, हा प्रश्न १९५५ मध्ये राम जवाया कपूर खटल्यात आला. पंजाब सरकारनं शाळांची पाठ्यपुस्तकं छापण्याचं काम स्वतःकडे घेतलं होतं आणि प्रकाशक न्यायालयात गेले होते. सरन्यायाधीश बी. के. मुखर्जी यांच्या घटनापीठानं म्हटलं की आपल्या घटनेनं सत्ताविभाजनाचं तत्त्व अगदी काटेकोर अर्थानं स्वीकारलेलं नाही, पण प्रत्येक शाखेची कामं पुरेशी वेगळी केली आहेत. एका शाखेनं दुसरीचं मूळ काम बळकावू नये. कुणाच्या हक्कावर गदा येत नसेल तर सरकार कायद्याशिवायही एखादा उपक्रम चालवू शकतं. पण त्यासाठीचा पैसा विधिमंडळानं मंजूर केलेला हवा. या निकालामुळे सरकारला मोकळीक मिळाली आणि तिची दोरी पैशाच्या मंजुरीत राहिली. म्हणूनच मंजुरीचा टप्पा ढिला पडला तर सगळंच ढिलं पडतं.

आणि तो ढिला पडला आहे. मागण्यांवरच्या चर्चेसाठी ठरलेले दिवस संपले की शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. लाखो कोटींचा खर्च असा काही मिनिटांत मंजूर होतो. स्थायी समित्या त्याआधी मागण्या तपासतात, हा मोठा आधार आहे, पण त्यांच्या शिफारशी बंधनकारक नाहीत.

खर्चाच्या तक्त्यात दोन भाग असतात : दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर लोकसभा मत देते. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, त्या न्यायालयाचा प्रशासकीय खर्च आणि महालेखापरीक्षकांचं वेतन हे सगळं भारित आहे. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशांचा पगार अडवता येऊ नये, एवढ्याचसाठी ही सोय आहे. न्यायालयाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना लोक नेमणुकांपाशी थांबतात. माझ्या मते हा कोरडा तक्ताही त्या स्वातंत्र्याचा तितकाच मोठा खांब आहे.

खर्च झाल्यावर तपासणी होते. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, अहवाल राष्ट्रपतींना देतात आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. मग २२ सदस्यांची लोकलेखा समिती तो हातात घेते. मंत्र्याला या समितीचा सदस्य होता येत नाही आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. कॅगना हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकीच कठीण प्रक्रिया लागते.

रोजची झडती कशी दिसते त्याचं मला कायम आठवणारं उदाहरण १९५७ चं आहे. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. लोकसभेत हे प्रकरण लावून धरलं ते फिरोज गांधींनी. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि खुद्द पंतप्रधानांचे जावई होते. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती जाहीर सुनावणी घेऊन झटपट पूर्ण केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. यात सरकारी बाकावरच्या खासदारानं सरकारला जाब विचारला. आंबेडकरांनी सांगितलेली रोजची झडती ती हीच.

अध्यादेशाबद्दल विचारलं आहे. संसदेचं अधिवेशन सुरू नसताना तातडीची गरज पडली तर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं अध्यादेश काढतात. तो कायद्याइतकाच प्रभावी असतो, पण संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. त्याआधी संसदेनं तसं विधेयक मंजूर केलं तर त्याचा कायदा होतो. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रं लिहून अध्यादेशांच्या वापराला हरकत घेतली होती. निव्वळ वेळ वाचवण्यासाठी हा मार्ग वापरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे काय होऊ शकतं ते बिहारमध्ये दिसलं. राज्यपालांनाही तसाच अधिकार आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी अभ्यास करून दाखवलं की बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि मुदत संपली की पुन्हा काढून ते एक वर्षापासून १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. वाधवा स्वतः न्यायालयात गेले. हा घटनेशी केलेला कपटव्यवहार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात म्हटलं आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं कृष्णकुमार सिंह खटल्यात त्याच भूमिकेवर ठाम शिक्का मारला. एका अर्थशास्त्रज्ञानं राजपत्रं चाळून विधिमंडळाचा अधिकार परत मिळवून दिला, याचा मला अजून आदर वाटतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. अधिवेशन बोलावणं आणि संपवणं हे सरकारच्या सल्ल्यानं होतं. घटनेत अट एवढीच की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. ज्या सभेनं जाब विचारायचा ती केव्हा भरावी हे उत्तर देणाराच ठरवतो.

राष्ट्रपतींविषयी थोडक्यात. कार्यकारी सत्ता त्यांच्या नावे आहे, पण मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांच्यावर बंधनकारक आहे. ४२ व्या दुरुस्तीनं तसं स्पष्ट लिहिलं आणि ४४ व्या दुरुस्तीनं एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. ती मुभा के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीच्या शिफारशीवर वापरली आणि सरकारनं ती शिफारस पुढे रेटली नाही. विधेयकही एकदा परत पाठवता येतं, धन विधेयक (फक्त कर, खर्च अशा पैशाच्या बाबींचं) आणि घटनादुरुस्ती विधेयक सोडून. २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचं विधेयक डॉ. अब्दुल कलाम यांनी तसं परत पाठवलं होतं.

आता ठळक रेघेकडे. न्यायाधीशाच्या वर्तनावर संसदेत चर्चा करता येत नाही, त्याला हटवण्याचा प्रस्ताव असेल तरच (अनुच्छेद १२१). उलट, सभागृहाच्या कामकाजात पद्धतीची चूक झाली म्हणून न्यायालय ते तपासत नाही (अनुच्छेद १२२). दोघांनी एकमेकांच्या दारापाशी थांबायचं, असं घटनेनंच लिहून ठेवलं आहे.

ही रेघ कुठे ओलांडली जाते ते १९७५ मध्ये लख्ख दिसलं. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात होतं, देशात आणीबाणी लागली होती. ऑगस्टमध्ये संसदेनं ३९ वी घटनादुरुस्ती केली. तिच्यातल्या एका खंडानं पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली आणि ही विशिष्ट निवडणूक वैध आहे असं जाहीर करून टाकलं. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो खंड रद्द केला. पण निवडणूक मात्र वैध ठरवली, कारण निवडणूक कायद्यातच संसदेनं पूर्वलक्षी बदल केले होते आणि ते न्यायालयानं मान्य केले. वाचकांना हे विसंगत वाटतं. मसुदा करणाऱ्याला त्यात नेमका धडा दिसतो. सर्वांना लागू होणारा नियम बदलणं हे संसदेचं काम आहे, मागच्या तारखेपासून असलं तरी. पण एका खटल्यात पुरावा न पाहता 'हा जिंकला' असं सांगणं हा निवाडा आहे, आणि तो कायद्याच्या वेषात आला तरी निवाडाच राहतो. १९७३ च्या केशवानंद भारती निकालानं, सात विरुद्ध सहा अशा मतांनी, घटनेची मूलभूत चौकट दुरुस्तीनंही मोडता येत नाही असं ठरवलं होतं. त्या चौकटीचा पहिला मोठा वापर इथे झाला.

हाच नियम रोजच्या मसुद्यांत लागतो. न्यायालयानं एखादा कर अवैध ठरवला की खातं म्हणतं, 'निकाल रद्द करणारा कायदा करा.' तसं करता येत नाही. भडोच नगरपालिकेच्या कराबद्दलच्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यात १९६९ मध्ये सांगितलेली कसोटी अशी : ज्या त्रुटीमुळे कर अवैध ठरला ती त्रुटी कायद्यातून अशी दूर करा की बदललेल्या स्थितीत न्यायालयानं तसा निकाल दिलाच नसता. निकालाचा पाया बदलता येतो. निकाल पुसता येत नाही.

न्यायालयही रेघ ओलांडतं का? कधी कधी हो. १९९७ च्या विशाखा निकालात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं दिली गेली आणि संसदेचा कायदा येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, तीच कायद्यासारखी लागू राहिली. ते आवश्यक होतं, असं माझं मत आहे. पण १६ वर्षं कायदा न करणाऱ्या संसदेकडे आणि सरकारकडे मला जास्त बोट दाखवावंसं वाटतं. रिकामी ठेवलेली जागा कुणीतरी भरतंच. न्यायाधीशांच्या नेमणुकांचा वाद वेगळ्या जातीचा आहे. ९९ व्या दुरुस्तीनं आणलेला नेमणूक आयोग २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतानं रद्द झाला आणि न्यायवृंदाची, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटानं (कॉलेजियम) नावं ठरवण्याची, पद्धत कायम राहिली. न्यायवृंद नावं सुचवतो, पण नेमणुकीचा आदेश सरकारकडूनच निघतो आणि घटनेत त्याला कालमर्यादा नाही. तिथेही टप्पे वाटलेलेच आहेत. सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची संख्याही संसद ठरवते. २०१९ मध्ये तिनं ती सरन्यायाधीशांसह ३४ केली.

शेवटी पुन्हा पुसट रेघेकडे येतो, कारण तिला सर्वांत मोठा धक्का १९८५ मध्ये बसला. ५२ व्या दुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. पक्ष बदलणं थांबवणं हा तिचा हेतू रास्त होता. पण तिच्यात असंही आहे की पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि हे विश्वासदर्शक ठरावापुरतं मर्यादित नाही. कुठल्याही विधेयकाच्या कुठल्याही कलमावर पक्षादेश निघू शकतो. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात तीन विरुद्ध दोन मतांनी अनुसूची टिकली. परिणाम असा की फिरोज गांधींसारखा प्रश्न आजचा खासदारही विचारू शकतो, पण त्याच प्रश्नावर मत देण्याची वेळ आली तर आसन पणाला लावावं लागतं. सरकारकडे बहुमत असेल तर मंजुरीचा टप्पा प्रस्तावाच्या टप्प्यातच विरघळतो. चार टप्प्यांपैकी दोन एकाच हातात जातात.

दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं की मत देण्यावरून अपात्रता फक्त विश्वासदर्शक आणि अविश्वास प्रस्तावापुरती ठेवावी. मी त्यात अर्थविषयक विधेयकं जोडेन, कारण लोकसभेनं पैसे नाकारले तर सरकार तसंही राहू शकत नाही. बाकी सगळ्या मतदानात खासदाराला मोकळं सोडावं. त्यासाठी दहाव्या अनुसूचीतल्या दुसऱ्या परिच्छेदाच्या एका खंडात एक वाक्य घालावं लागेल : हे प्रस्ताव आणि अशी विधेयकं सोडून इतर मतदानाला हा खंड लागू होणार नाही. ते वाक्य लिहायला कुठल्याही मसुदाकाराला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.